फुटबॉल मॅचचा पेपरातला रिपोर्ट कसा पारखायचा : वही-पेन घेऊन, पायरी पायरीने

‘दुसऱ्या हाफमध्ये संघाने जिद्दीने खेळ उंचावला आणि विजय खेचून आणला.’ हे वाक्य तुम्ही आजवर किती रिपोर्टमध्ये वाचलंय ते आठवून बघा. गंमत म्हणजे हे कुठल्याही मॅचला चिकटवता येतं, टीमची नावं बदलली की झालं काम, आणि म्हणूनच त्यातून काहीच कळत नाही. खेळ उंचावला म्हणजे नक्की काय केलं? कोण आत आलं, कोण कुठे सरकलं, समोरच्या टीमचं काय बंद पडलं? मला मॅच रिपोर्ट वाचायला मनापासून आवडतात. नव्वद मिनिटांचा एवढा पसारा पाचशे शब्दांत बसवणं हे फार अवघड काम आहे, आणि काही रिपोर्टर ते इतकं सुंदर करतात की मॅच बघितलेली असूनही नवीन काहीतरी दिसतं. पण चांगला रिपोर्ट आणि नुसता भरणा यातला फरक ओळखायला सवय लागते. मी गेली काही वर्षं जी पद्धत वापरते ती इथे सविस्तर लिहिते.

पायरी १ : आधी मॅच स्वतः बघा, आणि लिहून ठेवा

मॅच न बघता रिपोर्ट चांगला की वाईट हे अर्धंच कळतं, भाषा कळते पण खरंखोटं कळत नाही. म्हणून सुरुवातीला एक अशी मॅच निवडा जी तुम्ही पूर्ण बघणार आहात. वहीच्या पानावर सहा आडव्या पट्ट्या आखा, एक पट्टी म्हणजे १५ मिनिटं. प्रत्येक पट्टीत चार-पाच गोष्टीच लिहायच्या : बॉल जास्त कुणाकडे आहे, अटॅक कुठल्या बाजूने होतायत, मोठा चान्स कुणाला मिळाला, कुणाची जागा बदलली, आणि सब (बदली खेळाडू) कोण आला कोण गेला. सगळे पास लिहायला जाऊ नका, मॅच बघायचीच राहून जाते. गोल झाला की मात्र थांबून लिहा, आणि गोल कुणी मारला एवढंच लिहून भागत नाही, त्याच्या आधी दहा-पंधरा सेकंद बॉल कुठे गमावला किंवा जिंकला गेला तेही लिहा कारण गोलचं मूळ बहुतेक वेळा तिथे असतं आणि बरेच रिपोर्ट नेमकं तेच गाळतात.

मॅच संपल्यावर लगेच, एकही रिपोर्ट न वाचता, दोन ओळींत लिहा की तुमच्या मते निकाल असा का लागला. हे आधी लिहिणं फार गरजेचं आहे, एकदा दुसऱ्याचं वाचलं की आपलं मत नकळत त्याच्यासारखं होतं.

पायरी २ : रिपोर्ट कधी आणि कुठून लिहिलाय ते ओळखा

सगळ्या रिपोर्टना एकच माप लावणं अन्याय आहे. रात्रीची मॅच असेल तर पेपरची एडिशन छपाईला जायची वेळ ठरलेली असते, त्यामुळे रिपोर्टर मॅच चालू असतानाच लिहीत असतो, हाफ टाइमला अर्धा मजकूर गेलेला असतो आणि शेवटची शिट्टी वाजली की वरचा परिच्छेद जोडून कॉपी पाठवायची असते. १९९९ ची चॅम्पियन्स लीग फायनल घ्या, २६ मे, बार्सिलोनाचं कॅम्प नोउ. सहाव्या मिनिटाला बास्लरने फ्री किकवर गोल केला आणि नव्वद मिनिटं पूर्ण झाली तरी बायर्न म्युनिक १-० ने पुढेच, मग इंज्युरी टाइममध्ये (वाया गेलेल्या वेळेची भरपाई म्हणून मिळणाऱ्या मिनिटांत) आधी शेरिंगहॅम, लगेच सोल्शार, आणि मँचेस्टर युनायटेड २-१ ने चॅम्पियन. त्या रात्री प्रेस बॉक्समध्ये बसून ज्याला डेडलाइन गाठायची होती त्याला तीन मिनिटांत अख्खी गोष्ट उलटी करायची होती. २०२२ च्या वर्ल्ड कप फायनलमध्येही तेच, ७९ व्या मिनिटापर्यंत अर्जेंटिना २-०, पहिल्या हाफमध्ये तर फ्रान्सचा एकही शॉट नव्हता, आणि फ्रान्सच्या एम्बापेने ८० आणि ८१ व्या मिनिटाला गोल करून सगळं विस्कटलं.

अशा रिपोर्टमध्ये सांधा दिसतोच, वरचे दोन परिच्छेद एका सुरात आणि खालचे दुसऱ्याच. तो सांधा दिसला म्हणून रिपोर्टरला लगेच नावं ठेवू नका. पण दुसऱ्या दिवशी दुपारी निवांत लिहिलेला लेखही तसाच तुटक असेल तर त्याला सबब नाही.

तिसरा प्रकार एजन्सीच्या कॉपीचा. खाली किंवा वर एजन्सीचं नाव असतं, रॉयटर्स, एएफपी, एपी वगैरे. तेच वाक्य तीन पेपरांत सापडलं तर ते तीन वेगळे साक्षीदार नाहीत, एकच आहे, हे लक्षात ठेवा. भाषांतर होताना त्यात नवीन चुकाही शिरतात, त्यांच्याबद्दल पायरी ४ मध्ये.

पायरी ३ : हेडलाइनचं क्रियापद बघा

हेडलाइन बहुतेक वेळा रिपोर्टर देत नाही, डेस्कवरचा उपसंपादक देतो, त्यामुळे तिची चूक रिपोर्टरच्या नावावर टाकू नका, पण तपासा नक्की. ‘धुव्वा उडवला’, ‘धूळ चारली’, ‘लोळवलं’, ‘निसटता विजय’, ‘सनसनाटी’, हे शब्द स्कोअर बघून वापरले जातात, खेळ बघून नाही. ३-० ने जिंकलेली टीम ८५ व्या मिनिटापर्यंत १-० वर जीव मुठीत धरून खेळत असेल आणि शेवटी समोरचे सगळे वर गेल्यावर दोन गोल झाले असतील तर तो धुव्वा नाही. उलट १-० मध्ये पोस्टला तीनदा बॉल लागलाय, गोलकीपरने सात शॉट अडवलेत, तर तो निसटता विजय नाही, एकतर्फी मॅच आहे. वहीतल्या पट्ट्या बघा आणि क्रियापद बसतंय का ते ठरवा. एक मिनिटाचं काम आहे.

पायरी ४ : पक्क्या गोष्टी पक्क्या आहेत का

इथे मत-बित काही नाही, बरोबर किंवा चूक. गोल कुणाचा, कितव्या मिनिटाला, असिस्ट (गोलआधीचा शेवटचा पास) कुणाचा, कार्ड कुणाला, सब कधी. ज्या ठिकाणी हमखास घोळ होतो त्या तीन जागा सांगते.

पहिली, ‘अतिरिक्त वेळ’. मराठीत हा शब्द दोन्हीसाठी वापरला जातो, नव्वद मिनिटांनंतर वाया गेलेल्या वेळेची भरपाई म्हणून मिळतात ती चार-पाच मिनिटं, आणि नॉकआउट मॅच बरोबरीत सुटली की खेळतात ती पूर्ण तीस मिनिटं. ‘अतिरिक्त वेळेत गोल करून जिंकले’ असं वाचलं तर मॅच ९४ मिनिटांची होती की १२० ची हेच कळत नाही. चांगला रिपोर्ट इंज्युरी टाइम आणि एक्स्ट्रा टाइम वेगळे लिहितो किंवा सरळ मिनिट देतो.

दुसरी, पेनल्टी. मॅच चालू असताना मिळालेली पेनल्टी आणि शेवटचा शूटआउट (बरोबरी सुटली नाही की निकालासाठी आळीपाळीने मारतात त्या पेनल्टी) या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. शूटआउटचे गोल मॅचच्या स्कोअरमध्ये मिळवायचे नसतात. २०२२ ची वर्ल्ड कप फायनल ३-३ अशी बरोबरीतच नोंदली जाते, शूटआउटमध्ये अर्जेंटिना ४-२. कुणी ‘७-५ ने विजय’ असं लिहिलं तर ते चूकच.

तिसरी, स्वयंगोल. गोलच्या दिशेने चाललेला शॉट डिफेंडरला लागून आत गेला तर तो साधारणपणे शॉट मारणाऱ्याच्याच नावावर जातो, बाहेर चाललेला बॉल डिफेंडरने आत घातला तर स्वयंगोल. मॅचच्या रात्री एक नाव आणि नंतर दुसरं असंही होतं, त्यामुळे इथे घाईत झालेली चूक आणि निष्काळजीपणा यात फरक करा.

एका रिपोर्टमध्ये अशी एक चूक मी चालवून घेते. तीन असल्या तर त्या माणसाच्या बाकीच्या वाक्यांवरही माझा विश्वास राहत नाही.

पायरी ५ : प्रत्येक वाक्याला खूण करा

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, इथे घाई करू नका. तीन रंगांची पेनं घ्या किंवा समासात अक्षर लिहा. ‘घ’ म्हणजे घटना, जी व्हिडिओत बघून तपासता येते. ‘क’ म्हणजे कारण, हे त्यामुळे झालं असं सांगणारं वाक्य. ‘भ’ म्हणजे भावना किंवा मत, जिद्द, भूक, दबाव, इच्छाशक्ती, नशीब. मग मोजा.

कमजोर रिपोर्टमध्ये घ आणि भ भरपूर, क जवळजवळ नाहीच. गोल झाला, स्टेडियम दणाणलं, दुसरा गोल झाला, खेळाडूंनी हार मानली नाही. उदाहरण म्हणून २००५ ची इस्तंबूलची चॅम्पियन्स लीग फायनल बघू, लिव्हरपूल विरुद्ध मिलान. हाफ टाइमला मिलान ३-० ने पुढे, मालदिनीचा पहिल्याच मिनिटाला गोल, मग क्रेस्पोचे दोन. दुसऱ्या हाफमध्ये ५४ ते ६० या सहा मिनिटांत जेरार्ड, श्मित्सर आणि आलोन्सो असे तीन गोल, ३-३, आणि शूटआउटमध्ये लिव्हरपूल ३-२. ही मॅच ‘चमत्कार’ या एका शब्दात गुंडाळणं सगळ्यात सोपं.

पण पहिल्या हाफमध्ये मिलानच्या ‘काका’ नावाच्या खेळाडूला लिव्हरपूलच्या मिडफिल्ड आणि डिफेन्सच्या मधल्या पट्ट्यात मोकळी जागा मिळत होती, मधे आलोन्सो आणि जेरार्ड दोघंच, आणि जेरार्डला पुढेही जायचं असायचं. हाफ टाइमला लिव्हरपूलचा कोच बेनितेझने राइट बॅक फिननला काढून हामनला आणलं, मागे तिघे डिफेंडर ठेवले, हामन डिफेन्सच्या समोर उभा राहिला, काकाची जागा आटली आणि जेरार्ड वर जायला मोकळा झाला, पहिला गोल तर त्यानेच हेडरने केला. हे वाक्य म्हणजे ‘क’. याने चमत्काराची मजा कमी होत नाही, उलट मला तरी वाढलेली वाटते, कारण आता पुन्हा मॅच बघताना हामन कुठे उभा आहे ते मी शोधते. आणि जिद्द नव्हती असं मी म्हणत नाहीये, जिद्द होतीच, पण ती पहिल्या हाफमध्येही असणार ना, मग बदललं काय हे सांगणं हे रिपोर्टरचं काम.

माझं माप असं आहे : पाचशे शब्दांच्या रिपोर्टमध्ये निदान तीन तरी ‘क’ वाक्यं हवीत, आणि प्रत्येक ‘क’च्या आसपास त्याला आधार देणारं ‘घ’ हवं. नुसतं ‘मिडफिल्डवर पकड मिळवल्यामुळे जिंकले’ हे दिसायला कारण असलं तरी पकड कशी मिळवली ते नसेल तर मी त्याला ‘भ’च देते.

पायरी ६ : स्कोअर झाकून वाचा

निकाल माहीत झाला की मेंदू मागचं सगळं त्याला जुळवून घेतो. जिंकलेल्या टीमचा डिफेन्स ‘भक्कम’ होतो, हरलेल्या टीमची तीच हाय लाइन (डिफेंडरांनी आपल्या गोलपासून खूप पुढे उभं राहणं) ‘आत्मघातकी’ होते. म्हणून रिपोर्टमधले स्कोअर आणि गोलचे उल्लेख पेन्सिलने खोडा आणि उरलेलं वाचा, खेळाचं काही चित्र उभं राहतं का?

२२ नोव्हेंबर २०२२, वर्ल्ड कप, लुसैल, अर्जेंटिना १ सौदी अरेबिया २. अर्जेंटिना ३६ मॅच न हरता आलेली. दहाव्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी, मग पहिल्याच हाफमध्ये अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइडमुळे (पास सुटताना समोरच्या डिफेन्सच्या पलीकडे असल्यामुळे) रद्द, आणि दुसऱ्या हाफमध्ये ४८ आणि ५३ व्या मिनिटाला सौदीच्या अल-शेहरी आणि अल-दौसारीचे गोल. या मॅचचा रिपोर्ट ‘अर्जेंटिना गाफील’ असाही लिहिता येतो आणि ‘सौदीची हाय लाइन’ असाही. दुसरा खूप जास्त सांगतो, कारण ते तीन गोल रद्द होणं हे नुसतं नशीब नव्हतं, डिफेन्सने मुद्दाम खूप वर उभं राहून अर्जेंटिनाला दहा वेळा ऑफसाइडमध्ये अडकवलं. पण प्रामाणिक रिपोर्टरने हेही लिहायला हवं की तो जुगार होता, त्यातला एक गोल थोड्या अंतराने वैध ठरला असता तर याच हाय लाइनला सगळ्यांनी मूर्खपणा म्हटलं असतं. धोका आणि फायदा दोन्ही एकाच परिच्छेदात दिसले की समजा लिहिणाऱ्याने मॅच खरोखर बघितलीय.

पायरी ७ : आकड्यांना प्रश्न विचारा

आता बहुतेक रिपोर्टमध्ये पझेशन (बॉल किती वेळ कुणाकडे होता), शॉट, एक्सजी (खाली सांगते) असे आकडे असतात आणि आकडा दिसला की वाक्य खरं वाटायला लागतं. ८ जुलै २०१४, वर्ल्ड कपची सेमीफायनल, बेलो होरिझोन्ते, जर्मनी ७ ब्राझील १. त्या मॅचमध्ये शॉट ब्राझीलचे जास्त होते, १८ विरुद्ध १४, आणि पझेशनही किंचित ब्राझीलकडेच जास्त. नुसता तक्ता बघितला तर वाटेल मॅच अटीतटीची झाली. पण २९ व्या मिनिटाला स्कोअर ५-० होता, त्यानंतर जर्मनीला बॉलची तेवढी गरजच उरली नाही. म्हणजे आकडा कुठल्या वेळेतला आहे, स्कोअर काय असताना जमा झालाय, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न, टीमला तेच हवं होतं का. १ डिसेंबर २०२२ ला वर्ल्ड कपमध्ये जपानने स्पेनला २-१ हरवलं तेव्हा जपानकडे बॉल २० टक्क्यांपेक्षाही कमी होता. ‘स्पेनने वर्चस्व गाजवूनही पराभव’ हे लिहिणं सोपं, पण जपानने हाफ टाइमला दोआन आणि मितोमाला आणलं, सुरुवातीलाच वर जाऊन प्रेस केलं (बॉल असलेल्याला घेरलं), ४८ आणि ५१ व्या मिनिटाला गोल केले आणि मग मागे बसले. त्या टक्केवारीत ही योजना दिसत नाही.

एक्सजीबद्दल थोडक्यात : प्रत्येक शॉटला तो गोल होण्याची शक्यता ० ते १ मध्ये देतात, पेनल्टीला साधारण पाऊण, आणि सगळ्यांची बेरीज करतात. स्वयंगोल त्यात धरत नाहीत, आणि गोलसमोरून बॉल गेला पण कुणाचा पायच लागला नाही तर तोही मोजला जात नाही. रिपोर्टने एक्सजी दिला असेल तर त्यात पेनल्टी आहे का हे बघा, एका मॅचमध्ये त्याने चित्र बरंच बदलतं.

पायरी ८ : रेफरीच्या वादात मॅच हरवलीय का

२७ जून २०१०, वर्ल्ड कप, ब्लोमफोंटेन, जर्मनी ४ इंग्लंड १. स्कोअर २-१ असताना इंग्लंडच्या लॅम्पार्डचा शॉट क्रॉसबारला लागून लाइनच्या बऱ्यापैकी आत पडला आणि गोल दिला गेला नाही. हे लिहायलाच हवं, मोठी चूक होती, आणि पुढे २०१४ च्या वर्ल्ड कपला गोललाइन टेक्नॉलॉजी (बॉल लाइनच्या आत गेला का ते सांगणारी) आली. पण दुसऱ्या हाफमध्ये इंग्लंड पुढे चढल्यावर जर्मनीच्या म्युलरने ६७ आणि ७० व्या मिनिटाला काउंटर अटॅकवर (बॉल जिंकून लगेच केलेल्या हल्ल्यावर) दोन गोल केले, त्यातला पहिला तर इंग्लंडची स्वतःची फ्री किक समोर उभ्या खेळाडूंच्या भिंतीला लागून परतल्यावर. रिपोर्टमध्ये मागची जागा मोकळी का पडत होती याबद्दल काहीच नसेल तर वाचणाऱ्याला अर्धीच मॅच मिळाली. मी सरळ ओळी मोजते, वादाला एक तृतीयांशपेक्षा जास्त जागा गेली असेल तर बाकी काय राहून गेलं ते शोधते.

आणि नियम माहीत आहे का तेही बघा. २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये कझानला दक्षिण कोरियाने जर्मनीला २-० हरवलं, त्यातला पहिला गोल आधी ऑफसाइड म्हणून नाकारला आणि व्हीएआरनंतर (रेफरीने व्हिडिओ तपासल्यावर) दिला, कारण किम यंग-ग्वोनकडे बॉल जर्मन खेळाडूच्या पायातून आला होता, म्हणून तो ऑफसाइड धरला गेला नाही. हे कारण एका ओळीत सांगता येतं. ‘वादग्रस्त गोल’ म्हणून सोडून देणं म्हणजे वाचकाला गोंधळात ठेवणं.

पायरी ९ : हे कुणी सांगितलं?

कोच आणि खेळाडूंचे कोट रिपोर्ट भरायला सोपे पडतात, ‘मुलांचा अभिमान वाटतो’ वगैरे. कोट काढून टाकले तर काय उरतं ते बघा. पण त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे जे मैदानावर ऐकू आलंच नाही ते छापणं. ९ जुलै २००६ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये फ्रान्सच्या झिदानने इटलीच्या मातेराझीला डोकं मारलं, त्यानंतर मातेराझी काय बोलला असेल याबद्दल पेपरांनी बिनधास्त छापलं, आणि २००८ मध्ये काही ब्रिटिश पेपरांना त्याची माफी मागून नुकसानभरपाई द्यावी लागली.

आणि हिल्सबरो. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या या स्टेडियममध्ये एफए कपची सेमीफायनल सहा मिनिटांत थांबवावी लागली, स्टँडमधल्या चेंगराचेंगरीमुळे एकूण ९७ माणसं गेली. चार दिवसांनी द सन या ब्रिटिश पेपरने पहिल्या पानावर लिव्हरपूलच्या चाहत्यांवरच भयंकर आरोप ‘सत्य’ म्हणून छापले. २०१२ मध्ये स्वतंत्र पॅनेलने ते खोटे असल्याचं दाखवलं, पेपरने पुन्हा माफी मागितली, आणि २०१६ च्या चौकशीत ज्युरीने सांगितलं की चाहत्यांची चूक नव्हती. ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांना २७ वर्षं हे ऐकून घ्यावं लागलं. म्हणून ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ असं वाचलं की थांबा आणि विचारा, हे सांगणाऱ्याचा स्वतःचा काही बचाव यात आहे का.

पायरी १० : विशेषणं कुणाच्या वाट्याला

एका खेळाडूला ‘हुशार’, ‘दूरदृष्टी असलेला’ आणि दुसऱ्याला फक्त ‘ताकदवान’, ‘वेगवान’. महिनाभराचे रिपोर्ट घेऊन खेळाडूचं नाव आणि विशेषण अशी यादी करा. २०२० मध्ये टीव्ही कॉमेंटरीचा असा अभ्यास झाला होता, त्यात गोऱ्या खेळाडूंच्या बुद्धीचं आणि सावळ्या-काळ्या खेळाडूंच्या शरीराचं कौतुक जास्त होतं असं दिसलं. पेपर यातून सुटलेत असं मानायला मला काही कारण दिसत नाही. स्वतः यादी केली की दिसतं. महिलांच्या मॅचचे रिपोर्टही यात घ्या, तिथे खेळापेक्षा ‘प्रेरणादायी प्रवास’च जास्त असतो, गोल कसा झाला हे शेवटच्या ओळीत.

खेळाडूंना दहापैकी मार्क देतात त्याला मी फार किंमत देत नाही. एकच माणूस २२ जणांकडे नव्वद मिनिटं लक्ष ठेवूच शकत नाही, सब म्हणून दहा मिनिटं आलेल्याला ६ म्हणजे ‘फारसं बघितलं नाही’.

पायरी ११ : दोन्ही बाजूंचे पेपर, मग स्वतःचा रिपोर्ट

शक्य असेल तर जिंकलेल्या आणि हरलेल्या टीमच्या गावचा एकेक पेपर आणि तिऱ्हाईत एक, असे तीन रिपोर्ट शेजारी ठेवा, भाषांतराचं टूल वापरलं तरी चालतं. जे तिघांत आहे ते बहुधा घडलेलं आहे. जे एकातच आहे ते एकतर पक्षपात असतो नाहीतर खरी नजर, आणि ते ठरवायला परत व्हिडिओ लावा.

मग पायरी १ मधल्या तुमच्या दोन ओळी काढा आणि त्याच मॅचवर दीडशे शब्द लिहा, घड्याळ लावून, वीस मिनिटांत. तीन ‘क’ आलेच पाहिजेत. लिहून झालं की स्वतःच्या वाक्यांनाही घ, क, भ अशा खुणा करा, आणि जो रिपोर्ट तुम्हाला सगळ्यात कमजोर वाटला होता तो समोर ठेवून पुन्हा एकदा वाचा.